गड बांधला कुणी, राखला कुणी?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेलं भाषण)



आज मी बोनस, पगारवाढ किंवा कामाचा बोजा यांवर बोलणार नाही. त्यावर बोलायला आपल्यात जाणती मंडळी पुष्कळ आहेत, आणि आपण रोज खात्यात त्यावर बोलतोच. आज मला एका डोंगरी किल्ल्यावर बोलायचं आहे. मी काही इतिहास-संशोधक नव्हे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची सगळी साच्यावर झाली. पण ज्याचे हात दिवसभर कामाला जुंपलेले असतात, त्याला दुसऱ्याच्या हाताचं काम बरोबर ओळखता येतं. तेवढ्याच भांडवलावर मी उभा आहे.

किल्ल्याचं नाव केंजळगड. वाई आणि भोर या दोन तालुक्यांच्या शिवेवर, चार हजार फुटांच्या वर हा गड आहे. कुणी केळंजा म्हणतं, कुणी घेरा खेळंजा म्हणतं, आणि शिवाजी महाराजांनी त्याचं नाव मनमोहनगड ठेवलं असं सांगतात. आम्ही सुट्टीच्या दिवशी आठ-दहा जण तिथं गेलो होतो. जे बघितलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

गड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं घोडा येतो, तलवार येते, राजा येतो, सरदार येतो. ते यावेत, त्यात वावगं काही नाही. महाराजांचं नाव घेतलं की ज्याची मान ताठ होत नाही असा माणूस आपल्या गिरणीत शोधून सापडायचा नाही. पण गडावर हिंडताना मला एकच सवाल सारखा पडत होता. या पायऱ्या फोडल्या कुणी? चुना डोक्यावरून वर आणला कुणी? रात्रीच्या थंडीवाऱ्यात पहारा दिला कुणी? आणि गड दुसऱ्याच्या हातात गेला तेव्हा या माणसांचं पुढं झालं काय?

वाईच्या भोवतालचं कडं

आपल्यापैकी पुष्कळ जण वाईला गेलेले आहेत. कृष्णेचे घाट बघितले, ढोल्या गणपतीला हात जोडले, फार तर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघितला आणि परत फिरले. पण घाटावर उभं राहून जरा मान वर करा. वाईच्या भोवती किल्ल्यांचं कडंच आहे. वायव्येला पांडवगड, आग्नेयेला वैराटगड. पश्चिमेला कमळगड, आणि त्याच्या उत्तरेला रायरेश्वराशेजारी केंजळगड. पूर्वेला लांब चंदन-वंदनची जोडी.

लोक सांगतात की वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी. म्हणून एका गडाला पांडवांचं नाव आणि दुसऱ्याला विराटाचं. नावं गोड आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायला बरंही वाटतं. पण इतिहास सांगतो तो असा की, पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज, बाराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला, त्यानं या भागातले बरेच किल्ले बांधले. म्हंजे आठशे वर्षांहून जुनी गोष्ट झाली. आता बघा, लोकांनी बांधणाऱ्याचं श्रेय पांडवांना दिलं. पुस्तकांनी ते भोज राजाला दिलं. ज्यानं सुतकी उचलली त्याचं नाव मात्र दोन्हीकडं नाही.

काळ्या कातळातल्या पायऱ्या

वाईहून एसटीनं खावलीकडं जायचं. पांडवगड उजव्या हाताला मागं राहतो. खावलीपासून चढ लागतो. वाटेत वाड्या लागतात, आणि गडाच्या पायथ्याशी अगदी वरच्या अंगाला जे गाव आहे त्याचं नावच घेरा केंजळ. 'घेरा' हा शब्द नीट ध्यानात ठेवा. किल्ल्याच्या पोटाशी जी गावं असत त्यांना किल्ल्याचा घेरा म्हणत. गडाला माणूसबळ इथून, लाकूडफाटा इथून, शत्रूची पहिली खबरही इथूनच. गिरणीच्या भोवती जशा चाळी, तसा गडाच्या भोवती घेरा.

गावातून वर बघितलं की छाती दडपते. डोंगराच्या माथ्यावर सरळ उभ्या कातळाची भिंत, जणू कुणी टोपी घातली आहे. याच कड्याच्या अंगात पायऱ्या खोदून काढल्या आहेत. पन्नासाच्या वर पायऱ्या आहेत. त्या रचलेल्या नाहीत, डोंगराच्याच अंगातून कोरलेल्या आहेत. पायऱ्यांच्या अलीकडं कातळात एक गुहा आहे, त्यात वीस-पंचवीस माणसं सहज बसतील.

आम्ही त्या पायऱ्यांवर थांबलो आणि बसून त्या हातानं चाचपून बघितल्या. आपला सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे काय चीज आहे ते ज्यानं विहीर फोडली आहे त्याला विचारा. पहारीनं ठिणगी उडते, पण दगड हलत नाही. इथं सुरुंगाची दारू नव्हती, यंत्र नव्हतं. छिन्नी, सुतकी, पहार आणि माणसाचं मनगट. छिन्नीचं तोंड घडीघडीला बोथट होणार, म्हणून शेजारी लोहाराची भट्टी पेटलेली असणार. एक दगड फोडतोय, दुसरा छिन्न्या शेवटतोय, तिसरा कपचे टोपलीत भरून काढतोय. आणि पाय घसरला तर खाली सरळ दरी. नुकसानभरपाईचा कायदा तेव्हा नव्हता.

चुन्याचा घाणा

माथ्यावर पोचलं की लांबच लांब सपाटी आहे. केंजाई देवीचं ठाणं आहे, पाण्याची टाकी आहेत, काही अंगाला तट आणि बुरूज अजून तग धरून आहेत. हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण आमची मंडळी सगळ्यात जास्त वेळ रमली ती चुन्याच्या भट्टीपाशी आणि घाण्यापाशी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या दगडाचा डोंगर, त्यात चुना सापडत नाही. चुनखडी सापडते ती खाली, काळ्या जमिनीत, ओढ्या-नदीच्या काठानं. ती वेचायची, गोण्यांत भरायची, बैलाच्या पाठीवर घालून पायथ्यापर्यंत आणायची. आणि पुढं? पुढं ज्या पायऱ्यांवरून आपण मोकळ्या हातानं चढताना धापा टाकतो, तिथून माणसाच्या डोक्यावर. वर आणल्यावर भट्टीत लाकडांचा आणि चुनखडीचा थरावर थर द्यायचा आणि रात्रंदिवस भाजायचं. जाळ कमी पडला तर खडा कच्चा राहतो. म्हंजे भट्टीवाला रात्रपाळीला जागाच पाहिजे. भाजून निघालेला कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, वाफ अंगावर येते, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. मग त्यात वाळू मिसळून तो घाण्यात घालायचा.

घाणा म्हणजे गोल दगडी चर. त्यात जड दगडी चाक उभं घालायचं, आडवं लाकूड लावायचं, आणि बैल गोल गोल फिरवायचा. चुना लोण्यासारखा मळून निघेपर्यंत बैलाला थांबणं नाही आणि बैल हाकणाऱ्यालाही नाही. 'घाण्याचा बैल' असं आपण आपल्यालाच म्हणतो ना, तो शब्द तुमच्या-माझ्या आधीपासून असा राबत आलेला आहे.

बंधूंनो, आपल्या गिरणीत काय होतं? आधी कापूस पिंजायचा, मग कार्डिंग, मग रिंगखातं, मग पुढं विणाई. आधीच्या खात्यानं कचरा ठेवला तर पुढच्या खात्यात धागा तुटतो. इथंही तसंच. चुनखडी वेचणाऱ्यानं माती काढली नाही तर चुना पकड घेत नाही, चुन्यानं पकड घेतली नाही तर तट फुगतो. शेकडो वर्षांचे पावसाळे खाऊन जो तट उभा आहे, त्याच्या मागं सगळ्या खात्यांनी चोख काम केलेलं आहे. हे प्रमाणपत्र त्यांना कुणी लिहून दिलं नाही, पण ते उभं आहे.

पाण्याचा हिशेब

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून 'आज्ञापत्र' नावाचा ग्रंथ झाला. त्यात किल्ल्यांवर मोठं प्रकरण आहे. अमात्य सांगतात, किल्ला बांधायच्या आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा तर सोडवत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी तयार करा. झरा आहे म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झऱ्याचं पाणी कमी होतं.

केवढा बारीक विचार! आणि एकेक टाकं म्हणजे दुहेरी काम. टाक्यातून निघालेला दगड वाया घालवायचा नाही, तोच घडवून तटाला लावायचा. खड्ड्यात पाणी साठलं आणि दगडाची भिंत उभी राहिली. हा विचार कागदावर अमात्यांनी उतरवला, पण तो सुचला असेल तो पिढ्यानपिढ्या खडक फोडणाऱ्या पाथरवटाला आणि बेलदाराला, असं मला आपलं वाटतं.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. तटात झाडं उगवतात ती वरचेवर कापून काढावीत, तटाचं आणि खालचं गवत जाळून गड स्वच्छ करावा. पिंपळाचं रोप कागदाएवढ्या फटीत रुजतं आणि मोठं होऊन हत्तीएवढा दगड बाहेर ढकलतं. म्हणून दरसाल, न चुकता, माणूस तटावर गेला पाहिजे. तट बांधणं एकदाचं काम, पण तो राखणं रोजचं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

हवालदार, सबनीस, कारखानीस

आता राखणारी माणसं. हा गड आदिलशाहीकडं होता. एप्रिल १६७४ मध्ये, म्हंजे राज्याभिषेकाला जेमतेम दीड महिना असताना, महाराजांच्या फौजेनं तो घेतला. १७०१ साली औरंगजेबाकडं गेला, दुसऱ्याच वर्षी मराठ्यांनी परत घेतला. अखेर मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरच्या हाती पडला.

स्वराज्यात गडाचा कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे बरोबरीचे, त्यांच्या जोडीला कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडं, हजेरीचा कागद सबनिसाकडं, धान्य-सामानाचा कोठा कारखानिसाकडं. एकानं गड विकायचं मनात आणलं तर बाकीचे जागे. आपल्या भाषेत सांगायचं तर गेट एकाकडं, मस्टर दुसऱ्याकडं, स्टोअर तिसऱ्याकडं. त्यांच्या खाली नऊ पाइकांवर दहावा नाईक. आणि घेऱ्यात, डोंगराच्या अंगावर, रामोशी, महार, मांग, कोळी असे पहारेकरी. ज्यांना गावात कुणी शेजारी बसू देत नव्हतं, त्यांच्या डोळ्यांच्या भरवशावर वरची मंडळी निजत होती. हे गडाचं सत्य आपण मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

या शिबंदीला पिढीजात काम असे, आणि कामाच्या बदल्यात जमिनी. यांनाच गडकरी म्हणत. जमीन हाच त्यांचा पगार, फंड आणि पेन्शन.

१८१८ आणि पुढं

इंग्रजांचा अंमल बसला आणि गडांचं काम संपलं. ज्या किल्ल्यांची भीती वाटत होती त्यांच्या वाटा आणि तट त्यांनी सुरुंगानं उडवले. पण उरलेले गड पाडायला सुरुंग लागलाच नाही. माणूस काढून घेतला, एवढं पुरलं. टाक्यातला गाळ कोण काढणार? पिंपळाचं रोप कोण कापणार? हजेरीचा कागद बंद झाला त्या दिवसापासून तट ढासळायला लागला.

आणि माणसं? ती मुकाट्यानं गेली असं समजू नका. वाईवरून जरा दक्षिणेला, कोल्हापूर संस्थानात चला. तिथं १८४४ साली काय घडलं ते प्रत्येक कामगाराला तोंडपाठ पाहिजे. नव्या कारभारानं गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. म्हंजे पिढीजात पगारावरच घाला. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे लावून घेतले. बंड पन्हाळ्यापर्यंत पोचलं. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच त्यांनी पकडून पन्हाळ्यावर कोंडून ठेवलं. मग मोठी फौज आली, ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला, १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळा तोफांनी फोडून घेतला, आणि तटबंदी मोडून टाकली.

गडकरी हरले. पण त्यांचं म्हणणं काय होतं? 'आम्ही गड राखला, आमच्या पोटावर पाय देऊ नका.' एवढंच. या मागणीला दरबारी कागदात बंड म्हणतात.

पुढं दहाच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत कापडाच्या पहिल्या गिरणीची तयारी सुरू झाली. साताऱ्याच्या डोंगरातली आणि कोकणातली माणसं घोंगडी खांद्यावर टाकून मुंबईला निघाली. त्यांत घेऱ्यातल्या गडकऱ्यांची नातवंडं किती होती ते कोण मोजणार? त्यांच्याच लेकरांनी मुंबई कापडानं भरली. आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख माणूस बाहेर पडला, त्यातला पुष्कळ परत याच डोंगरात आला. एकदा गडावरून खाली, एकदा गिरणीतून वर. चिमणी थंड झाली की गिरणीच्या भिंतीत पिंपळ उगवतो. तो कुणाच्या भिंतीत उगवतोय हे त्याला ठाऊक नसतं, पण त्याचं कारण एकच असतं. राखणारा माणूस तिथून काढलेला असतो.

कायम गड आणि बदली गड

गडांचा मान आपण ठेवतो का? ठेवतो. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं याच वाईच्या पसरणी घाटात आणि पलीकडं पोलादपूरच्या बाजूला प्रचंड निदर्शनं केली. महाराजांना मुजरा करता, तर महाराजांच्या लोकांना त्यांचं राज्य का देत नाही, हा तो सवाल होता. १ मे १९६० ला राज्य मिळालं. त्या लढ्यात आपल्या गिरणगावानं रक्त सांडलेलं आहे.

जुलै २०२५ मध्ये जगाच्या वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण ही यादी वाचताना मला आपली हजेरी आठवली. बारा जणांची नावं कायम म्हणून लागली. केंजळगड, पांडवगड, वैराटगड, कमळगड हे सगळे अजून दाराशी उभे असलेले बदलीवाले. काम त्यांनीही तेवढंच केलं. मोठ्या गडाला धाकट्या गडांनी खबर दिली नसती, वाट अडवली नसती, तर मोठा गड किती दिवस टिकला असता? बदलीवाला नसेल तर कायमवाल्याचा साचा चालतो का?

जाल तेव्हा

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. केंजळगडला जा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा नको. दिवाळीपासून पुढं थंडीत जा. पाणी बरोबर घ्या. भाकरी बांधून घ्या. पोराबाळांना न्या. वर गेल्यावर रायरेश्वर, पांडवगड, कमळगड आणि खाली धोम धरणाचं पाणी दिसेल, ते दाखवा. तटावर चढू नका, दगड ढकलून मजा बघू नका, कोळशानं किंवा खिळ्यानं नाव लिहू नका. ज्यानं आख्खा तट रचला त्यानं त्यावर आपलं नाव घातलं नाही, मग आपण एक दिवस भाकरी खायला गेलेले, आपण कशाला घालायचं?

घेऱ्यातल्या गावात थांबा. म्हाताऱ्या माणसांशी बोला. दगडाच्या कामाचे, चुन्याच्या कामाचे, पहाऱ्याचे शब्द त्यांच्या तोंडात अजून असतील, ते वहीत उतरवून घ्या. कुठल्या टाक्याला काय नाव, कुठल्या वाटेला काय नाव, तेही लिहा. याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पंडितांनी आपलं काम केलं. पाथरवटाचे आणि गडकऱ्याचे शब्द गोळा करायचं काम तुमचं-माझं आहे, कारण ते शब्द आपल्या घरातले आहेत. मराठी भाषेचं राज्य म्हणायचं आणि मराठी कामकऱ्याचा शब्द मातीत जाऊ द्यायचा, हे बरं नव्हे.

आणि आपापल्या ग्रामपंचायतीला, आमदाराला, सरकारला सभेचा ठराव करून कळवा की या धाकट्या गडांची टाकी साफ व्हावीत, तटातली झाडं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली निघावीत, आणि हे काम घेऱ्यातल्याच लोकांना मजुरीनं मिळावं. दरसाल मिळावं. एका दिवसाच्या फोटोसाठी नको. त्या लोकांच्या आज्यापणज्यांनी गड राखला. त्यांना पुन्हा हजेरीवर घ्या, एवढी आपली मागणी आहे.

हा ठराव मी सभेपुढं मांडतो. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.

जय महाराष्ट्र!